पॉप-अप कॅम्पर गाडीला जोडताना: आमचा मिशिगनमधला अनुभव

मिशिगनमध्ये उन्हाळा म्हणजे मेच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत, आणि तेवढ्यात जमेल तितकं बाहेर राहून घ्यायचं. आम्ही बरीच वर्षं तंबूत झोपलो, पण मग मुलं झाली, आणि सासूबाई-सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले, त्यांना जमिनीवर झोपवणं काही बरोबर वाटेना, म्हणून आम्ही एक वापरलेला पॉप-अप कॅम्पर घेतला. म्हणजे ती एक चाकांवरची बुटकी पेटी असते, कॅम्पग्राउंडला पोचलं की हँडल फिरवून छप्पर वर करायचं, पुढचा-मागचा बेड बाहेर ओढायचा, मधे सगळीकडे कॅनव्हास आणि जाळी, आत सहा माणसं झोपतात. मिटवला की छातीएवढ्या उंचीचा होतो, त्यामुळे मागचं आरशात दिसतं आणि वारा कमी लागतो. आमचा जेको कंपनीचा आहे, इथून काही तासांवर इंडियानात एल्कहार्ट-मिडलबरी भागात हे सगळे कारखाने आहेत, त्यामुळे आमच्या भागात जुने कॅम्पर भरपूर मिळतात.

आता मुद्द्याचं. घेतल्यापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की आम्हालाही घ्यायचाय, काय काय बघू, आणि सगळ्यांचे प्रश्न गादी, फ्रिज, एसी यांचे. माझं म्हणणं असं की ते सगळं नंतर, आधी गाडी आणि कॅम्पर यांच्यामधली ती दीड-दोन फुटांची जागा नीट समजून घ्या. पॉप-अप हलका असतो म्हणून लोक ते फार सहज घेतात. हलका म्हणजे तरी किती, आमचा भरून पावणेतीन हजार पाउंड, म्हणजे साडेबाराशे किलो. ते ओझं तासाला साठ मैलांनी आपल्या मुलांच्या मागे येत असतं.

वजनापासून सुरू करते कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला. आमच्याकडे होंडा पायलट आहे, ऑल व्हील ड्राइव्हवाली, तिची ओढायची क्षमता ५००० पाउंड. (तीच गाडी टू व्हील ड्राइव्ह असेल तर ३५००, त्यामुळे शेजाऱ्याकडे तीच गाडी आहे आणि तो ओढतो म्हणून आपली पण ओढेल असं धरू नका, मॅन्युअल उघडून आपल्याच मॉडेलचा आकडा बघा.) ५००० बघून कुणालाही वाटेल की मग काय, निम्मंच तर ओझं आहे. पण खरी अडचण त्या आकड्यात नव्हतीच. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर जाऊ नका असं लिहिलेला. आमच्या गाडीवर तो आकडा १३४० आहे. आणि कॅम्परची जी दांडी आपल्या गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, टेकते, तिचं वजन, ज्याला टंग वेट म्हणतात, ते याच १३४० मधून वजा होतं.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आम्ही दोघं, दोन मुलं, आई-बाबा (म्हणजे सासूबाई-सासरे), सगळे मिळून ७४० पाउंड. टंग वेट ३२०. झाले १०६०. त्यात हिचचा रिसीव्हर (गाडीखाली मागे असते ती चौकोनी नळी) नंतर बसवलेला असेल तर त्याचं वजन, बॉल माउंटचं (त्या नळीत जाणारा, बॉल धरणारा भाग) वजन, हे पण आलं. उरले दोनशे-सव्वादोनशे. त्यात कूलर बर्फासकट, मुलांच्या सायकली, आईंचा स्वयंपाकाचा डबा, कॅम्पच्या खुर्च्या. पाच हजारांची गाडी म्हणून आपण निवांत असतो आणि इथे दोनशे पाउंडांवर हिशोब येऊन ठेपतो. बाबांनी तो हिशोब दोनदा करून बघितला. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते आणि गाळप हंगामात भावाच्या ट्रॅक्टरवर ऊसही वाहिलेला, त्यामुळे भरलेली ट्रॉली मागून ढकलायला लागली की पुढच्याचं काय होतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

सामान मग कॅम्परमध्ये टाकू, असं लगेच मनात येतं. पण कॅम्परचीही मर्यादा असते. त्याच्या बाहेरच्या बाजूला पुढे पत्र्यावर जीव्हीडब्ल्यूआर लिहिलेलं असतं, म्हणजे सगळं भरून जास्तीत जास्त किती, आमच्यावर ३१००. रिकामं वजन २१५० च्या आसपास. मधे साडेनऊशे उरले म्हणाल, तर छपरावरचा एसी, बॅटरी, गॅसचा सिलिंडर (इथला २० पाउंडी सिलिंडर भरलेला असेल तर टाकीच्या लोखंडासकट ३७ पाउंडांच्या आसपास भरतो), हे सगळं त्यातच. पाणी तर सगळ्यात जड, एक गॅलन म्हणजे ८.३ पाउंड, वीस गॅलनची टाकी भरून निघालात तर दीडशेच्या वर. आम्ही टाकी रिकामी करूनच निघतो, कॅम्पग्राउंडवर नळ असतोच.

आणि सामान कुठे ठेवतो याला फार महत्त्व आहे. टंग वेट कॅम्परच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. १० च्या खाली गेलं की मागचं टोक जड होतं आणि रस्त्यावर कॅम्पर डावी-उजवीकडे हलायला लागतो, त्यालाच स्वे म्हणतात आणि त्यातूनच वाईट अपघात होतात. १५ च्या वर गेलं की आपल्या गाडीची मागची बाजू खाली बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग नीट पकडत नाही आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. म्हणून जड सामान एक्सलच्या थोडं पुढे आणि जमिनीलगत, मागच्या कपाटात फक्त गाद्या-उश्या-टॉवेल असं आम्ही ठरवूनच टाकलंय.

टंग वेट घरी मोजता येतं बरं का, बाथरूमच्या वजनकाट्यावर. नुसता काटा खाली ठेवला तर तो तेवढं पेलेल याची खात्री नाही, म्हणून एक जाड फळी घ्यायची, एक टोक विटेवर, दुसरं टोक काट्यावर, आणि दांडी त्या फळीवर अशी टेकवायची की विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट. काट्यावर जे दिसेल त्याच्या तिप्पट टंग वेट. फळीचं स्वतःचं वजन आधी बघून वजा करायचं. चाकांना चॉक (चाक सरकू नये म्हणून लावायची पाचर) लावूनच हे करायचं हे सांगायला नको. त्यानंतर आम्ही हायवेच्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या मोठ्या वजनकाट्यावर, पण गेलो. तिथे वेगवेगळ्या प्लेट असतात, पुढची चाकं एकीवर, मागची दुसरीवर, कॅम्पर तिसरीवर, बटण दाबून सांगायचं की वजन करायचंय आणि आत जाऊन पावती घ्यायची. एकदा कॅम्परसकट आणि एकदा कॅम्पर पार्किंगला सोडून नुसती गाडी. दोन्हीतला गाडीच्या वजनाचा फरक म्हणजे टंग वेट. आमच्या पावतीवर कॅम्परच्या चाकांवर २४४०, गाडीवर वाढलेले ३२०, म्हणजे एकूण २७६०, म्हणजे साडेअकरा टक्के. तो कागद बघून मला जेवढं बरं वाटलं तेवढं कॅम्पर घेताना पण वाटलं नव्हतं.

आता बॉल. ज्यांच्याकडून कॅम्पर घेतला त्यांनी चांगुलपणाने स्वतःचं बॉल माउंट पण फुकट देऊन टाकलं, म्हणाले आम्हाला आता काय उपयोग. घरी आणून बाबांनी ते हातात घेतलं, बॉलवरची घाण पुसली, आणि चष्मा लावून वाचायला लागले. बॉलच्या वरच्या सपाट भागावर साइज कोरलेली असते. त्यावर १ ७/८ इंच. आणि कॅम्परच्या कपलरवर, म्हणजे ज्या वाटीत बॉल बसतो तिच्यावर, २ इंच. फरक किती, इंचाचा आठवा भाग. नुसत्या डोळ्याला कळत पण नाही. आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट ही की लहान बॉल मोठ्या कपलरमध्ये बसतो, लॅच बंद होतं, पिन जाते, कॅम्पर गाडीमागे निमूट येतो पण, आणि मग एखाद्या खड्ड्यात वर उडाला की सुटतो. इथे हिवाळ्यात पाणी गोठून-वितळून रस्त्यांची जी अवस्था होते ती मिशिगनवाल्यांना माहीत आहे, एप्रिलमध्ये खड्डा चुकवायचा कुठला हाच प्रश्न असतो. त्यांनी इतकी वर्षं तसाच ओढला असेल का, की ते माउंट दुसऱ्याच ट्रेलरचं होतं, देव जाणे. आम्ही दुकानात जाऊन २ इंची बॉल आणला.

बॉल आणताना अजून तीन गोष्टी बघितल्या. एक, प्रत्येक भागावर स्वतःची क्षमता लिहिलेली असते, रिसीव्हरवर वेगळी, माउंटवर वेगळी, बॉलवर वेगळी, आणि त्यातली सगळ्यात कमी असेल तीच आपली खरी क्षमता. रिसीव्हरमध्ये पण क्लास असतात, क्लास १ म्हणजे २००० पाउंड, क्लास २ म्हणजे ३५०० पर्यंत, हे दोन्ही सव्वा इंची चौकोनी भोकाचे, आणि क्लास ३ पासून २ इंची भोक. आमचा क्लास ३. दुसरं म्हणजे बॉलचा नट. एक इंची दांड्याच्या बॉलला २५० फूट-पाउंडांच्या आसपास टॉर्क लागतो, हाताने पाना मारून तेवढा होतच नाही, आमच्याकडे तसा टॉर्क रेंच नव्हता म्हणून आम्ही तिथेच दुकानात घट्ट करून घेतला. तिसरं म्हणजे उंची. कॅम्पर सपाट जमिनीवर लेव्हलमध्ये उभा करायचा, कपलरची उंची मोजायची, आणि त्याप्रमाणे माउंट किती खाली उतरलेलं हवं ते ठरवायचं. जोडल्यावर कॅम्पर लेव्हल किंवा नाक किंचित खाली, चालतं. नाक वर असलं तर तो रस्त्यावर शांत चालत नाही.

वायरिंगचं थोडक्यात सांगते. गाडीला आधी चार पिनांचं चपटं कनेक्शन होतं, त्यातून फक्त दिवे चालतात: मागचे दिवे, डावा-उजवा इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा. कॅम्परला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर सात पिनांचं गोल कनेक्शन लागतं, कारण ब्रेकची वायर त्यातच असते, आणि गाडीत ड्रायव्हरजवळ ब्रेक कंट्रोलर बसवावा लागतो. कॅम्परला ब्रेक कधी सक्तीचे याचे नियम राज्याप्रमाणे बदलतात, बऱ्याच राज्यांत ३००० पाउंडांच्या वर, कॅलिफोर्नियात कॅम्परसाठी १५०० पासूनच. आम्ही कायद्याकडे बघून ठरवलं नाही. सहा माणसं भरलेली गाडी आणि वर पावणेतीन हजार पाउंड, हे सगळं एकट्या गाडीच्या ब्रेकवर टाकायची माझी तयारी नव्हती, नवऱ्याची पण नव्हती. कंट्रोलर प्रपोर्शनल प्रकारचा घेतला, म्हणजे आपण जितका जोरात ब्रेक मारू त्या प्रमाणात कॅम्परचा लागतो. तो शॉपमध्ये बसवून घेतला आणि मग रविवारी सकाळी एका रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी वीस-पंचवीस मैलांवर कंट्रोलरची हाताची पट्टी पूर्ण दाबून गेन, म्हणजे कॅम्परचा ब्रेक किती जोरात लागावा तो आकडा, लावला. कॅम्परने गाडीला मागून चांगलं ओढून धरलं पाहिजे पण त्याची चाकं लॉक होऊन घासली नाही पाहिजेत, त्या मधल्या जागी आकडा सोडायचा. सामान भरून हे करा, रिकाम्यावर लावलेला गेन भरल्यावर कमी पडतो.

आता प्रत्यक्ष जोडणं. हे आम्ही ड्राइव्हवेत भरपूर वेळा केलं, कुठे जायचं नसताना. जोडायचं, तपासायचं, सोडायचं, परत जोडायचं. शेजारच्या आजोबांनी पहिल्या दिवशी विचारलं कुठे चाललात, दुसऱ्या दिवशी खुर्ची टाकून बघत बसले.

सगळ्यात आधी कॅम्परच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, चॉक. दगड म्हणा. बाबा तर अजून दगडच म्हणतात, “आधी दगड लाव गं, मग बाकीचं.” कारण बॉल कपलरला लागून थोडा जरी धक्का बसला तर कॅम्पर मागे सरकतो आणि आमचा ड्राइव्हवे उताराचा आहे. मग टंग जॅकने (दांडीलाच बसवलेला, हाताने फिरवायचा जॅक) दांडी बॉलपेक्षा दोन-तीन इंच वर घ्यायची, लॅच उघडं ठेवायचं. गाडी मागे घेताना एकच माणूस खुणा करणार, बाकी कुणी बोलायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे आणि तो आई-बाबांसकट सगळे पाळतात. ड्रायव्हरला जर खुणा करणारा आरशात दिसला नाही तर गाडी थांबवायची, अंदाजाने मागे यायचं नाही. आणि गाडी व कॅम्परच्या मधे, गाडी हलत असताना, कुणीही उभं राहायचं नाही. मुलांची जागा ठरलेली आहे, पोर्चच्या पायरीवर. कॅमेरा आहे गाडीला, त्याचा उपयोग होतो, तरी खुणा करणारा लागतोच.

बॉल कपलरच्या बरोबर खाली आला की गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक, इंजिन बंद. मग जॅक फिरवून दांडी खाली सोडायची, कपलर बॉलवर पूर्ण बसला की लॅच बंद करायचं, आणि लॅचच्या भोकातून पिन किंवा कुलूप. इथे लोक उठतात. मला विचाराल तर खरं काम इथून पुढे आहे. खाली वाकून, टॉर्च मारून बघायचं की कपलरच्या आतली जी जीभ असते ती बॉलच्या खालून त्याला धरून बसलीय, वरच्या वर टेकलेली नाही. ढिली वाटली तर कपलरच्या खाली एक नट असतो, तो फिरवून ती आवळता येते. आणि मग, हे महत्त्वाचं, जॅक परत उलटा फिरवायचा, दांडी वर उचलायची. जोड नीट बसलेला असेल तर दांडीबरोबर गाडीचं मागचं टोक पण इंच-दोन इंच उचललं जातं. बसलेला नसेल तर कपलर तिथेच, ड्राइव्हवेत, सगळे उभे असताना, बॉलवरून निघून येतो. यात एक मिनिट जातं. लॅचचा खट्ट आवाज आला, पिन गेली, हात लावून हलवलं, यातलं काहीही याच्या बदली चालत नाही, कारण हाताने कितीही हलवलं तरी शेकडो पाउंडांचा ताण येत नाही.

हे मला बाबांनी आधी सांगितलं आणि नंतर कॅम्परच्या पुस्तकात पण तेच सापडलं. मी पहिल्यांदा लॅच लावून म्हटलं, “बाबा, बसलं.” तर ते म्हणाले, “बसलंय म्हणतीस, ताण दिलास का त्याला?” कारखान्याच्या रस्त्याला ट्रॉलीची पिन बसलीय असं समजून निघालेले आणि चढावर ट्रॉली मागे गेलेली, असं त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे, त्याबद्दल ते जास्त बोलत नाहीत.

त्यानंतर साखळ्या. दोन असतात आणि दांडीच्या खालून एकमेकींवरून क्रॉस करून लावायच्या, डावी उजव्या हुकाला, उजवी डाव्या. का, तर समजा एवढं करूनही कपलर सुटला तर दांडी त्या क्रॉसमध्ये झोळीत पडल्यासारखी पडते, रस्त्यात रुतत नाही. लांबी अशी हवी की वळताना ताणल्या जाऊ नयेत आणि जमिनीला घासू पण नयेत. घासलेल्या साखळीच्या ठिणग्यांनी पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत रस्त्याकडेच्या गवताला आगी लागतात, तिकडे हायवेवर तशा पाट्या असतात. आमची एक साखळी लांब होती, ती पीळ देऊन आखूड न करता (पिळाने कडी कमजोर होते असं पुस्तकात स्पष्ट लिहिलंय) दुकानातून योग्य लांबीची करून घेतली.

मग ब्रेकअवे केबल. ही बारीक वायर लोकांना कळतच नाही कशाला असते. कॅम्पर गाडीपासून पूर्ण सुटला तर ही केबल एका स्विचमधली पिन खेचून काढते आणि कॅम्परची स्वतःची बॅटरी त्याचे ब्रेक लावते. ती साखळीला अडकवायची नाही आणि बॉल माउंटला पण नाही, कारण माउंटच रिसीव्हरमधून निघालं तर केबल त्याच्याबरोबर जाईल आणि पिन ओढली जाणारच नाही. गाडीला पक्क्या असलेल्या भागाला, रिसीव्हरच्या कडीला वगैरे, वेगळी लावायची, साखळ्यांपेक्षा थोडी लांब, म्हणजे आधी साखळ्या काम करतील. सीझनच्या सुरुवातीला हिची टेस्ट करतो: सात पिनांचा प्लग काढायचा, ब्रेकअवेची पिन हाताने ओढायची, आणि गाडी अगदी हळू पुढे घ्यायची. चाकं धरून ठेवली पाहिजेत. नाही धरली तर बॅटरी मेलीय किंवा ब्रेक. टेस्ट झाली की पिन लगेच परत घालायची, नाहीतर बॅटरी उतरते.

प्लग लावला की दिवे. एक जण आत, एक मागे: डावा, उजवा, ब्रेक, मागचे दिवे. आमच्याकडे हे मोठीचं काम आहे, ती मागे उभी राहून ओरडून सांगते, आणि ती फार मनापासून करते. जॅक पूर्ण वर घेऊन त्याचं चाक काढायचं किंवा वळवून लॉक करायचं. कोपऱ्यातले स्टॅबिलायझर जॅक चारही वर आहेत ना, छपराच्या चारही क्लिपा लागल्यात ना, गॅस बंद आहे ना. रिसीव्हरची पिन आणि तिची क्लिप. आणि सगळ्यात शेवटी चॉक काढायचे. या सगळ्याची यादी लॅमिनेट करून कॅम्परच्या पुढच्या पेटीत ठेवलीय, पाठ झाली तरी वाचूनच करतो, आणि मधे कुणाचा फोन आला किंवा शेजारी गप्पा मारायला आले तर पहिल्या ओळीपासून परत.

टायरचं राहिलंच. ट्रेलरचे टायर वेगळे असतात, त्यावर एसटी, म्हणजे स्पेशल ट्रेलर, लिहिलेलं असतं (आमच्या घरात या एसटीवर बाबा खूश झाले), त्यातले बरेचसे ताशी ६५ मैलांपर्यंतच चालवायचे असतात. हवा थंड टायरमध्ये, कॅम्परच्या स्टिकरवर लिहिलेली, कमी हवेचा टायर गरम होऊन फुटतो. आणि वय बघा. टायरच्या बाजूला DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. कॅम्पर वर्षातून थोडाच फिरतो त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर आतून वाळलेलं असतं. आमच्या टायरांना भरपूर वर्षं झाली होती, नक्षी न बघता ते बदलले. चाकाचे नट टॉर्क रेंचने, आणि चाक नव्याने बसवलं असेल तर १०, २५ आणि ५० मैलांनंतर परत.

पहिली ट्रिप मुद्दाम जवळची ठेवली, प्राउड लेकचं कॅम्पग्राउंड, घरापासून अर्ध्या तासावर. निघाल्यावर पहिल्या काही मैलांतच एका पेट्रोल पंपावर थांबून सगळं परत बघितलं: लॅच, पिन, साखळ्या, प्लग, आणि दोन्ही चाकांच्या हबजवळ हात नेऊन गरम किती ते. कोमट असतं, हात लावता येणार नाही इतकं गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय. हे थांबणं आम्ही आजपण सोडत नाही, कारण काही ढिलं राहिलं असेल तर ते पहिल्या दहा-पंधरा मैलांतच कळतं.

लांबची ट्रिप म्हणजे वर उत्तरेला मॅकिनॉला, आय-७५ हायवेने. सॅगिनॉजवळ झिलवॉकीचा उंच पूल लागतो, तिथे बाजूने वारा चांगलाच लागतो, आणि मोठा ट्रक ओव्हरटेक करून गेला की आधी कॅम्पर बाहेर ढकलला जातो आणि मग ट्रककडे ओढला जातो. स्टिअरिंग घट्ट सरळ धरायचं, बाकी काही करायचं नाही. स्वे खरंच सुरू झाला तर काय करायचं ते आम्ही दोघांनी आधी बोलून ठेवलं होतं: गाडीचा ब्रेक मारायचा नाही, स्पीड वाढवायचा तर मुळीच नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय हळू काढायचा, स्टिअरिंगने त्याच्याशी भांडायचं नाही, आणि कंट्रोलरची हाताची पट्टी दाबून फक्त कॅम्परचा ब्रेक लावायचा, म्हणजे तो मागून ताणून सरळ होतो. आम्हाला ती वेळ आली नाही, साठच्या वर आम्ही जातच नाही. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर असला की कायद्यानेच ५५. मॅकिनॉच्या पुलावर (१९५७ चा, जवळजवळ पाच मैल लांब) आतल्या लेनला लोखंडी जाळी आहे आणि बाहेरच्या लेनला डांबर, आम्ही बाहेरच्या लेनने हळू गेलो. एक्सल जास्त म्हणून टोल जास्त पडतो, तेवढं सुट्टे काढून ठेवा.

सोडताना क्रम उलटा, पण एक गोष्ट उलटी नाही: चॉक तेव्हा पण सगळ्यात आधी. कॅम्पग्राउंडला पोचल्यावर सगळे दमलेले, मुलं तळ्याकडे पळायच्या घाईत, त्यात कुणीतरी पटकन लॅच उघडतो आणि उतारावरचा कॅम्पर चालायला लागतो. आमच्याकडे आता बाबा गाडीतून उतरतात तेच दोन्ही चॉक हातात घेऊन, आणि ते लावून “हां” म्हणाले की मगच कुणीतरी जॅकला हात लावतं. ते ऑक्टोबरमध्ये परत जातील, तोवर मोठीला ते काम शिकवणं चालू आहे, चॉक चाकाला नुसता टेकवायचा नाही, पायाने आत ठोकायचा आणि मग कॅम्परला एकदा ढकलून बघायचं.